पाच विश्वचषक आणि पाचवा सामना

२४ जून २००६ची रात्र. आपल्याकडे खरं तर पंचवीस तारीख लागली होती, कारण जर्मनीतल्या लाइपझिगमधला अर्जेंटिना-मेक्सिको हा फुटबॉल विश्वचषकाचा सामना आपल्या घड्याळात साडेबाराला सुरू झाला. त्या महिन्यात कोल्हापुरात आमच्या गल्लीत मान वर केली की आभाळाआधी झेंडे दिसायचे. या घरावर ब्राझील, त्या घरावर अर्जेंटिना. आमचं घर अर्जेंटिनाचं. आबांनी १९८६ साली शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅराडोना पाहिला आणि घराचा पक्ष कायमचा ठरला. तो विश्वचषक मेक्सिकोत झाला होता, मॅराडोनाने तो उचलला मेक्सिको सिटीच्या आस्तेका मैदानावर. पण मेक्सिकोचा संघ म्हणून आमच्या घरात कुणी विचार केलेला नव्हता. त्या रात्री तर ते नुसते समोरचे अकरा होते.

सहाव्याच मिनिटाला राफाएल मार्केसने गोल केला आणि मेक्सिको पुढे गेलं. चार मिनिटांत बरोबरी झाली. मग सामना अडकला. मी पेंगायला लागले होते, तेवढ्यात आबा पुढे सरकून बसले.

"त्ये डावं पोरगं बघ," ते म्हणाले. "कसं पळतंय बघ. त्याला धरा की कुणीतरी!"

आबा सत्तरच्या दशकात पेठेतल्या एका तालमीकडून लेफ्ट आउट खेळायचे. डाव्या पायाचा माणूस डाव्या रेषेवरून पळताना दिसला की तो कुठल्या संघाचा, हे ते विसरतात. ते पोरगं म्हणजे आंद्रेस ग्वार्दादो. वय एकोणीस. गटातल्या तीन सामन्यांत प्रशिक्षक ला व्होल्पेने त्याला उतरवलंच नव्हतं, आणि बाद फेरीत थेट अर्जेंटिनासमोर पहिल्या अकरात उभं केलं. समोर राइट बॅकला, म्हणजे बचावाच्या उजव्या बाजूला, लिओनेल स्कालोनी होता. अर्जेंटिनाच्या बाकावर आणखी एक लिओनेल, मेस्सी, बसला होता, ज्याचा त्याच दिवशी एकोणिसावा वाढदिवस होता. तो शेवटच्या काही मिनिटांत मैदानात आला. ग्वार्दादोला त्याआधीच बाहेर बोलावलं होतं.

जादा वेळेत, ९८व्या मिनिटाला, अर्जेंटिनाच्या माक्सी रोद्रिगेसने छातीवर चेंडू घेतला आणि खाली पडू न देता डाव्या पायाने लांबून मारला. गल्लीत फटाके वाजले. आबा नाचले, मीही नाचले. झोपताना आबा मला म्हणाले, "पण ते पोरगं खेळणार बघ अजून."

मी त्या पोराच्या मागे लागले ती तिथून. पुढची अठरा वर्षं.

मेक्सिकोच्या फुटबॉलमध्ये दोन शब्द आहेत जे आपल्याकडच्या एखाद्या अपुऱ्या नवसासारखे घरोघरी बोलले जातात: 'किंतो पार्तिदो', पाचवा सामना. हिशेब साधा आहे. विश्वचषकात बत्तीस संघ असताना गटात तीन सामने, चौथा शेवटच्या सोळा संघांचा, आणि तो जिंकला तर पाचवा, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी. मेक्सिको १९९४मध्ये चौथा सामना बल्गेरियाकडून पेनल्ट्यांवर हरलं. १९९८मध्ये जर्मनीकडून, २००२मध्ये शेजारच्या अमेरिकेकडून. मग २००६ आणि २०१० अर्जेंटिना, २०१४ नेदरलँड्स, २०१८ ब्राझील. ओळीने सात विश्वचषक, सातही वेळा गट पार, आणि सातही वेळा चौथ्या सामन्यात घरी. फार वाईट संघ पहिल्याच फेरीत हरून मोकळा होतो. मेक्सिकोला दर चार वर्षांनी नेमकं त्याच उंबऱ्यापाशी नेऊन थांबवलं गेलं.

शेवटचा पाचवा सामना ते खेळले २१ जून १९८६ला, आपल्याच देशात, मोंतेर्रेइमध्ये, पश्चिम जर्मनीविरुद्ध. एकशेवीस मिनिटांत गोल नाही, पेनल्ट्यांवर हार. जादा वेळेत त्यांच्या एका खेळाडूला बाहेर काढलं गेलं. त्याचं नाव हावियेर आगिरे. हे नाव लक्षात असू द्या. त्या दिवसानंतर तीन महिन्यांनी, २८ सप्टेंबर १९८६ला, ग्वादालाहारा शहरात ग्वार्दादोचा जन्म झाला. म्हणजे त्याने पुढे पाच विश्वचषक खेळले, आणि आपल्या देशाचा एकही पाचवा सामना त्याच्या आयुष्यात झाला नाही. खेळणं दूर, एखादा प्रेक्षक म्हणूनही त्याच्या वाट्याला आला नाही.

हा योगायोग मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो कितीतरी वेळ मनात घोळवत बसले होते.

ग्वादालाहारात दोन मोठे क्लब. एक चिवास, लाडका, करंडकांनी भरलेला. दुसरा आत्लास. आत्लासने १९५१ साली लीग जिंकली आणि त्यानंतर थेट २०२१ साली. मधली सत्तर वर्षं लीगचा करंडक नाही. तरी त्यांचे लोक पिढ्यान् पिढ्या मैदानावर येत राहिले. आणि या क्लबाची खरी कमाई करंडक नव्हतीच, मुलं घडवणं ही होती. मार्केस तिथला, गोलकीपर ओस्वाल्दो सांचेस तिथला, पावेल पार्दो तिथला. ग्वार्दादोही तिथलाच. २००५मध्ये तो पहिल्या संघात आला, त्याच वर्षी डिसेंबरात हंगेरीविरुद्ध देशाकडून खेळला, आणि सहा महिन्यांनी आबांच्या टीव्हीवर. चेहरा इतका कोवळा की लोक त्याला 'प्रिन्सिपितो' म्हणायचे, छोटा राजपुत्र.

२००७मध्ये तो स्पेनच्या ला कोरुन्या शहरात देपोर्तिवोकडे गेला. पाच हंगाम राहिला. माझी नोकरी तेव्हा पुण्यात नवीन होती, आणि देपोर्तिवोचे सामने टीव्हीवर क्वचितच लागत. सोमवारी सकाळी निकाल पाहणं एवढंच माझ्या हातात होतं. २०११च्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ते घरच्या मैदानावर व्हॅलेन्सियाकडून ०-२ हरले आणि दुसऱ्या श्रेणीत घसरले. दहा-अकरा वर्षांपूर्वी स्पेनची लीग जिंकलेला क्लब.

राष्ट्रीय संघाचा खेळाडू अशा वेळी सहसा निघून जातो, आणि त्यात कुणी वावगं मानत नाही. ग्वार्दादो थांबला. दुसऱ्या श्रेणीत, छोट्या गावांच्या मैदानांवर, एक अख्खा हंगाम खेळला, अकरा गोल केले. देपोर्तिवो ९१ गुण मिळवून पहिलं आलं आणि वर परतलं. करार संपला होता, मग तो व्हॅलेन्सियाला गेला. मी आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गाडी ढकलून चालू करून दिली आणि मग उतरला. बरोबर केलं." या माणसाबद्दल मला जे वाटतं त्याची सुरुवात माक्सीच्या गोलाच्या रात्री झाली असेल, पण ते पक्कं झालं या वर्षी.

२०१०चा विश्वचषक मी भराभर सांगते. सलामीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो बदली म्हणून आला आणि त्याच्या क्रॉसवर मार्केसने बरोबरी साधली. संघाचा प्रशिक्षक होता तोच हावियेर आगिरे. चौथ्या सामन्यात पुन्हा अर्जेंटिना. त्यांच्या तेवेसचा पहिला गोल स्पष्ट ऑफसाइड होता, मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसला, तरी तो धरला गेला. ३-१. आबांनी त्या रात्री नाच केला नाही. "गोल नव्हता त्यो," एवढंच म्हणाले.

२०१४ची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण तिच्यातलं देणं-घेणं पुढच्या वर्षी फिटलं.

त्या विश्वचषकाला मेक्सिको जवळजवळ पोचलंच नव्हतं. ऑक्टोबर २०१३, पात्रता फेरीचा शेवटचा दिवस. मेक्सिको कोस्टा रिकात हरलं. तिकडे पनामा आपल्या घरी अमेरिकेविरुद्ध २-१ असं पुढे होतं. तो निकाल राहिला असता तर पनामा पुढे आणि मेक्सिको बाहेर. ९० मिनिटं संपली होती. मग भरपाईच्या वेळेत अमेरिकेने दोन गोल मारले. अमेरिका आधीच पात्र ठरली होती, तिला त्या गोलांचा काही उपयोग नव्हता. पनामाचं स्वप्न मोडलं आणि मेक्सिको प्लेऑफच्या वाटेने ब्राझीलला गेलं.

तिथे रेसिफेमध्ये क्रोएशियाविरुद्ध ग्वार्दादोने गोल केला. तीन विश्वचषकांतला त्याचा पहिला. मग फोर्तालेझाची दुपार, २९ जून, इतकी उष्ण की पाणी प्यायला खेळ थांबवावा लागला. चौथा सामना, समोर नेदरलँड्स. ४८व्या मिनिटाला जिओवानी दोस सांतोसने मेक्सिकोला पुढे नेलं. ८७ मिनिटांपर्यंत ते पुढेच होते. पाचवा सामना तीन मिनिटांवर. ८८व्या मिनिटाला स्नायडरने बरोबरी केली, आणि ९० मिनिटं उलटून गेल्यावर अर्येन रॉबेन रेषेजवळ मार्केसच्या पायाशी कोसळला. पेनल्टी. २-१. 'नो एरा पेनाल', ती पेनल्टी नव्हती, हे तीन शब्द त्या रात्री मेक्सिकोत लाखो तोंडांतून निघाले, भिंतींवर लिहिले गेले, आणि आजही कुणी काही अन्याय सांगायला लागलं की हे तीन शब्द बाहेर येतात. ग्वार्दादो पूर्ण नव्वद मिनिटं मैदानावर होता.

आणि दोनच महिन्यांत तो नेदरलँड्समध्ये नोकरीला गेला! आइंडहोव्हनच्या पीएसव्हीत. रॉबेन विशीच्या आत असताना ज्या क्लबातून मोठा झाला, त्याच क्लबात.

इथे जरा थांबते, कारण त्याच्या खेळातला सगळ्यात सुंदर भाग मला हाच वाटतो. व्हॅलेन्सियात त्याला कधी बगलेवरचा विंगर तर कधी बचावातला लेफ्ट बॅक केलं होतं, मग लोनवर, म्हणजे उसना, जर्मनीत लेव्हरकुजेन क्लबाला पाठवलं होतं. सत्ताविशीचा माणूस. ज्या वेगावर त्याने एकोणिसाव्या वर्षी स्कालोनीला दमवलं, तो वेग उताराला लागलेला. पीएसव्हीचा प्रशिक्षक फिलिप कोकू स्वतः मधल्या फळीतला जुना, जाणता खेळाडू. त्याने ग्वार्दादोला रेषेवरून उचललं आणि मैदानाच्या मधोमध ठेवलं.

हे ऐकायला सोपं वाटतं. आबांनी मला एकदा ताटातल्या भाकरीवर बोट फिरवून समजावलं होतं. बगलेवर खेळणाऱ्याच्या पाठीशी रेषा असते. रेषेपलीकडून कुणी येणार नसतं. म्हणून त्याने अर्ध्या मैदानाकडे बघितलं तरी भागतं. मध्ये उभं राहिलं की चारी बाजूंनी माणसं. चेंडू पायाशी यायच्या आधीच मान वळवून बघावं लागतं, मागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळा आहे, आपण चुकलो तर भोक कुठे पडेल. बगलेवरचा खेळाडू चुकला तर चेंडू थ्रो-इनला जातो. मधला चुकला तर समोरचे सरळ आपल्या गोलकीपरसमोर येतात. "भाकरीची कड करपली तर कड काढून टाकता येते," आबा म्हणाले. "मधी करपली तर भाकरीच गेली."

ग्वार्दादोने ते शिकून घेतलं, आणि तेही अठ्ठाविसाव्या वर्षी. पळण्याऐवजी उभं कुठे राहायचं हे शिकला. कोवळ्या खेळाडूंना चेंडू नेमका पायात द्यायचा, मागे पडलेली जागा झाकायची, गरज पडली तर फाउल करून खेळ थांबवायचा. त्या हंगामात पीएसव्हीने सात वर्षांनंतर लीग जिंकली. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी पुन्हा, प्रतिस्पर्धी अयाक्सला दुबळ्या संघाने बरोबरीत रोखलं आणि करंडक आइंडहोव्हनला आला. त्याच वर्षी युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये अतलेतिको माद्रिदसमोर दोन्ही सामने ०-०, आणि पेनल्ट्यांवर ७-८ अशी हार. मी ते दोन्ही सामने पुण्यात एकटीने लॅपटॉपवर पाहिले. खेळाबद्दल माझी जी काही समज आहे, ती त्या दोनशे दहा मिनिटांत वाढली. गोल एकही झाला नाही. मी फक्त त्यालाच बघत होते, चेंडू दुसरीकडे असताना तो काय करतो ते.

आता जुलै २०१५. गोल्ड कप. उत्तर आणि मध्य अमेरिका अन् कॅरिबियन देशांची स्पर्धा.

उपांत्यपूर्व सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध ०-०, जादा वेळही संपत आलेली, आणि अगदी शेवटी पंचाने एक पेनल्टी दिली जी पुन्हापुन्हा पाहूनही मला पटलेली नाही. ग्वार्दादोने ती मारली. जिंकले. तीन दिवसांनी अटलांटात उपांत्य सामना, समोर पनामा. होय, तेच. पंचविसाव्या मिनिटाला त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन गेला. दहा जणांनिशी ते लढले, आणि ५७व्या मिनिटाला रोमान तोर्रेसने हेडर मारून त्यांना पुढे नेलं. सामना संपायला एक-दोन मिनिटं उरली असताना पेनल्टीच्या चौकटीत तोर्रेस पडला, चेंडू त्याच्या हाताला घासला, त्याला कळायच्या आत. पंच मार्क गायगर यांनी बोट दाखवलं. पेनल्टी.

मग जे झालं ते फुटबॉल म्हणण्यासारखं नव्हतं. पनामाची माणसं पंचाभोवती, धक्काबुक्की, प्रेक्षकांतून बाटल्या. पनामा मैदान सोडून जाणार असं वाटत होतं. दहा मिनिटं खेळ थांबला. आणि ती सगळी दहा मिनिटं ग्वार्दादोला ठाऊक होतं की शेवटी चेंडू त्याच्याच पायाशी ठेवला जाणार आहे. वर्षभरापूर्वी याच संघाने, यानेच, 'नो एरा पेनाल' म्हणत फोर्तालेझाचं मैदान सोडलं होतं. त्याहून आठ-नऊ महिने आधी याच पनामाच्या तोंडचा घास भरपाईच्या वेळेत गेला होता आणि त्यावर मेक्सिको जगलं होतं.

त्याने पेनल्टी मारली, गोल झाला. जादा वेळेत आणखी एक पेनल्टी मिळाली, तीही त्यानेच मारली. २-१. त्याने आनंद साजरा केला नाही. सामन्यानंतर पत्रकारांना त्याने सांगितलं की मुद्दाम चुकवावी असा विचार डोक्यात येऊन गेला होता, पण आपण व्यावसायिक खेळाडू आहोत, तसं करता येत नाही. नंतर त्या खंडाच्या फुटबॉल संघटनेनेच कबूल केलं की पंचांच्या चुकांमुळे निकाल बदलला.

मी तो भाग रविवारी कोल्हापूरला गेल्यावर आबांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. मग मला त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आधी कधी सांगितली नव्हती. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. स्थानिक स्पर्धेचा सामना, शेवटची पाच मिनिटं, समोरच्या बॅकच्या खांद्याला चेंडू लागला आणि हँड दिला गेला. आबा सगळ्यात जवळ होते, खांदा होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पेनल्टी त्यांनाच मारायला दिली. समोरचा गोलकीपर शाळेपासूनचा मित्र. तो ओरडून म्हणाला, "तू बघितलंयस. सांग की." आबांनी सांगितलं नाही. गोल मारला आणि शर्ट काढून मैदानभर पळाले. मित्र पुढची अकरा वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. आबांच्या लग्नालाही आला नाही.

"गोल मारला ते चुकलं का?" मी विचारलं.

"गोल मारायलाच पाहिजे होता. मागं दहाजण हुबे होते." ते थोडा वेळ गप्प राहिले. "हा नाचला न्हाई न्हवं, नंतर?"

"नाही."

"मग झालं."

मी त्या उत्तराचा पुष्कळ विचार केला आहे. चुकीने हातात आलेली गोष्ट परत करायची मुभा त्याला नव्हती, कारण ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. त्याच्यामागे अख्खा संघ होता, पंचवीस-तीस वर्षं एका फेरीची वाट बघणारा देश होता. चेंडू चुकवून तो स्वतः मोठा झाला असता आणि किंमत दुसऱ्यांनी दिली असती. त्याच्या एकट्याच्या ताब्यात होता तो फक्त आनंद. तो त्याने घेतला नाही. फिलाडेल्फियातल्या अंतिम सामन्यात जमैकाविरुद्ध आगिलारच्या क्रॉसवर त्याने डाव्या पायाने चेंडू अधांतरी मारला, पहिला गोल, ३-१ने करंडक. तो गोल कुणाच्या शिट्टीने दिलेला नव्हता. तेव्हा तो मनसोक्त ओरडला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

२०१८, मॉस्को. जर्मनी गतविजेते. मेक्सिकोचा कर्णधार ग्वार्दादो. ३५व्या मिनिटाला मागे चेंडू हिसकावला गेला, हावियेर एर्नान्देस आणि ग्वार्दादो यांच्यात झटकन देवाणघेवाण झाली, एर्नान्देस पळत सुटला, डावीकडे इर्विंग लोसानो मोकळा. १-०. तो पास कुठल्याही आकडेवारीत मोठा दिसणार नाही, पण एका स्पर्शाने उशीर झाला असता तर जर्मनीची माणसं मागे येऊन उभी राहिली असती. ७४व्या मिनिटाला त्याच्या जागी मार्केस आला. एकोणचाळीस वर्षांचा, आपला पाचवा विश्वचषक खेळायला. ग्वार्दादोने दंडावरची पट्टी काढून त्याच्या दंडावर चढवली. एकाच क्लबाने घडवलेली दोन पोरं. पाच विश्वचषक खेळलेला जगातला पहिला माणूसही मेक्सिकोचाच, गोलकीपर आंतोनियो कार्बाहाल, १९५० ते १९६६. त्या वर्षीही चौथ्या सामन्यात हार, ब्राझीलकडून, ०-२. त्यावर मी काही लिहीत नाही.

तोवर तो स्पेनला परतला होता, सेव्हिल शहरातल्या बेतिसकडे. तिथे तो सहा-साडेसहा वर्षं राहिला. एप्रिल २०२२मध्ये कोपा देल रे या स्पेनच्या करंडक स्पर्धेचा अंतिम सामना, समोर त्याचाच जुना क्लब व्हॅलेन्सिया, १-१, पेनल्ट्या. त्याने आपली मारली. बेतिस सतरा वर्षांनी जिंकलं. पंधरा वर्षं युरोपात घालवून स्पेनमधला पहिला मोठा करंडक त्याच्या हाती आला तो पस्तिसाव्या वर्षी.

आणि मग लुसैल. २६ नोव्हेंबर २०२२, कतार. आपल्याकडे पुन्हा मध्यरात्रीचे साडेबारा. या वेळी मी मुद्दाम कोल्हापूरला गेले होते. आबांना डोळ्यांनी कमी दिसत होतं, म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढलेली. ८८ हजारांहून जास्त माणसं मैदानात. मेक्सिकोचा कर्णधार ग्वार्दादो, पाचवा विश्वचषक. अर्जेंटिनाचा कर्णधार मेस्सी, त्याचाही पाचवा. लाइपझिगच्या रात्री दोघंही एकोणीस वर्षांचे होते. अर्जेंटिनाचा प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी, म्हणजे तोच राइट बॅक. मी आबांना हे सांगत होते, आणि ते "गप बस, बघू दे" म्हणत होते.

बेचाळिसाव्या मिनिटाला त्याचा पाय गेला. त्याने हात वर केला, चालत बाहेर आला. आबांना चेहरे दिसत नव्हते, पण चाल ओळखू येते.

"गेलं का गं ते डावं पोरगं?"

"गेलं, आबा."

दुसऱ्या डावात मेस्सीने गोल केला, मग एन्सो फर्नांडेसने. आबांचा संघ जिंकला, ते हसले, पण नंतर झोप लागेना म्हणून मला चहा टाकायला लावला. ग्वार्दादो विश्वचषकात अर्जेंटिनाकडून तीन वेळा हरला, आणि तिन्ही वेळा आमच्या घरात कुणाच्या बाजूने बसायचं हा प्रश्न पडला. पुढच्या सामन्यात सौदी अरेबियाला २-१ हरवूनही मेक्सिको गोलफरकाने गटातच बाद झालं. या वेळी चौथा सामनाही नाही.

त्याच दिवसांत एक प्रसंग घडला. अर्जेंटिनाच्या ड्रेसिंगरूममधल्या एका व्हिडिओत मेस्सीच्या पायाशी मेक्सिकोचा शर्ट पडलेला दिसला. मुष्टियोद्धा कानेलो आल्वारेस, तोही ग्वादालाहाराचा, भडकला. मेस्सीने आपल्या देशाच्या शर्टाने फरशी पुसली असं म्हणत त्याने धमकी दिली. सगळीकडे आग. तेव्हा ग्वार्दादो पुढे आला आणि म्हणाला की तो शर्ट माझा होता, मीच मेस्सीशी बदलला. घामाने भिजलेले शर्ट ड्रेसिंगरूममध्ये जमिनीवरच पडतात, मेस्सीने काही अपमान केलेला नाही. आल्वारेसने नंतर माफी मागितली. हरलेल्या संघाचा कर्णधार, जखमी, शेवटचा विश्वचषक संपत आलेला, आणि तो ज्याने हरवलं त्याच्या बाजूने खरं काय ते सांगत होता. अटलांटात त्याने मनातला विचार लपवला नव्हता, इथे शर्टाची गोष्ट लपवली नाही. एकाच ओळीत मी त्या दोन्ही गोष्टी ठेवते.

२०२६पासून विश्वचषकात अठ्ठेचाळीस संघ. आता चौथा सामना शेवटच्या बत्तीस संघांचा, आणि पाचवा शेवटच्या सोळांचा. ग्वार्दादो जी फेरी चार वेळा खेळला आणि चार वेळा हरला, त्याच फेरीला यापुढे पाचवा सामना म्हणायचं. नियम बदलला, फेरीचं नाव बदललं. आधीच्या माणसांच्या खात्यात मात्र त्याची नोंद कुणी करणार नाही.

१५ ऑक्टोबर २०२४ला ग्वादालाहारात मेक्सिको आणि अमेरिका यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. देशाकडून सर्वाधिक, १८०च्या आसपास सामने खेळलेल्या ग्वार्दादोला निरोप द्यायचा होता. तो जन्मला ते शहर, पण मैदान चिवासचं. आत्लासच्या पोराला चिवासच्या घरात निरोप, आणि लोक उभे राहिले. प्रशिक्षक होता हावियेर आगिरे, १९८६च्या त्या पाचव्या सामन्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला. त्याच्या शेजारी मदतनीस म्हणून राफाएल मार्केस. त्या बाकावर पाचवा सामना खेळलेला एक माणूस होता, आणि पाच विश्वचषक खेळलेला एक. वीसेक मिनिटं खेळून ग्वार्दादो बाहेर आला. मेक्सिको २-० जिंकलं.

मी सकाळी आबांना फोन केला. आता त्यांना टीव्ही दिसत नाही, मी सांगते आणि ते ऐकतात. सांगितलं की तो आता देशाकडून खेळणार नाही, आणि क्लबातूनही लवकरच थांबेल असं दिसतंय.

"किती वय झालं त्याचं?"

"अडतीस."

"अडतीस," आबा म्हणाले, आणि पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. "पेनल्टी मारून नाचला नव्हता बघ ते पोरगं."